संत्र्याच्या पानाले बी हंगाम असते

तोडा संपला. संत्र्याची शेवटची गाडी कॅरेट भरून गेली, अन् बगीचा कसा रिकामा रिकामा झाला, पावने गेल्यावर घर होते तसा. झाडावर फळ नाई, नुसतं पान. लोकाईले वाटते, फळ गेलं म्हंजे हंगाम गेला. माहा हंगाम तवा लागते.

आत्ता पानाले हात लावून पाहा. जाड, काळपट हिरवं, कडक. वाऱ्यानं हाललं तं वाजते, नव्या लुगड्यावानी. श्रावनात हेच झाड कसं दिसते? मऊ मऊ पान, हातभर लांब फुटवे, आंघोळ करून आलेल्या लेकरावानी चमकते. पाहनारा म्हनते, काय साजरं पान हाये. साजरं तं हाये. पन त्याच्या आत पान्याबिगर काई नाई. पानातलं तेल वेगळ्या दिवसात भरते, अन् ते दिवस हे असे, कोरडे, थंडीचे, जवा झाडाकडं कोनी पाहत नाई.

हे मले शाळेनं नाई शिकोलं. शाळेत मी दुसरीपर्यंत गेली. मले चुलीनं शिकोलं.

मी मूळची मोताळ्याकडची. तिकडं कपाशी. संत्र्याचं झाड म्या लगन होऊन इकडं सोनाळ्याकडं आली तवा पाह्यलं. सातपुडा इथून इतका जवळ दिसते का वाटते, हात लांब केला तं हाताले लागन. अन् त्याच्या पायाशी हे बगीचे, झाडंच्या झाडं पिवळ्या फळानं वाकलेली. मले वाटलं, आता आपुन रोज संत्रं खाऊ. सासू हासली. म्हने, "बाई, इथं संत्रं पाहाचं असते."

खरं होतं तिचं. लेकराचा बाप इहिरीच्या कामावर होता. इहीर दुसऱ्याची होती, दरड त्याच्यावर पडली, त्यातच तो गेला. लेकरं दोन, एक चालतं, एक पदराखाली. पंधरा दिवसानं मी बापूच्या बगीच्यात कामाले लागली. बापू म्हंजे आताच्या विलासभाऊचा बाप. तीस सालाच्या वर त्या बगीच्यात निंदलं, आळे केले, फळ तोडलं. पानी प्याचं असलं तं ओंजळ धराची, मालकीन वरून ओताची. संध्याकाळी फाटकावर साऱ्या बाया ओळीनं उभ्या राह्याच्या अन् पदर झटकून दाखवाच्या, का एखादं फळ तं नाई बांधून नेलं. म्या किती खेपा पदर झटकला त्याची मोजदाद नाई. फळ त्यातून कवाच पडलं नाई. वास मातर राह्याचा. वास कोनाले झटकता येते?

एकच गोष्ट नेऊ देत. तोड्यानंतर झाडाच्या वाळल्या काड्या काढतात. अन् झाडाले सरळ उभे फुटवे निंगतात, नुसते पानाचे, त्याले फळ लागत नाई. पानसोट म्हनतात त्याले. ते बी कापून टाकतात. सारा ढीग बांधावर पडे. बापू म्हने, "ने बाई, तुह्या चुलीले होईन." मी मोळी बांधून न्याची. बारा महिने माही चूल संत्र्याच्या पाना-काडीवर पेटली.

ओलं पान इस्तवावर टाकलं का ते पह्यले वाकडं होते, मंग फुगते, मंग तडतड करते. ते तडतडनं म्हंजे त्याच्यातलं तेल. बारीक बारीक ठिनग्या उडतात, अन् असा वास सुटते का उपाशी मानसाले बी जेवल्यासारखं वाटते. शेजारची शेवंता भितीवरून डोकं काढून म्हने, "काय वं पंचफुले, तुह्याघरी रोज दिवाळी. चूल फटाके फोडते अन् ताटात कोरडी भाकर."

"मंग ये ना फराळाले," मी म्हनाची.

ती खरंच याची, आपली भाकर घेऊन. माह्या चुलीवर शेकलेल्या भाकरीले संत्र्याचा वास लागे. माह्या पोट्ट्याईनं लहानपनी फळ नाई खाल्लं, पन भाकर संत्र्याची खाल्ली.

चुलीसमोर बसलं का दुसरं काम काय असते? जाळ पाहाचा. पाहता पाहता ध्यानात आलं का पान तेच, झाड तेच, पन जाळ रोजचा येगळा. मिरगानंतरचं पान चुलीत टाकलं का नुसतं सूं करे. धूर ओके, डोळे चुरचुरत, एक ठिनगी नाई. भादव्यापर्यंत तसंच. दसऱ्याले कुठं एखादी तडतड. मंग दिवाळी होऊन जाई, दव पडाले लागे, तोडा होई, अन् बापू झाडाचं पानी तोडे. झाड तानावर सोडनं म्हनतात त्याले. महिना-दीड महिना पानी द्याचं नाई, झाडाले जरा सुकू द्याचं, म्हंजे ते फुलावर येते. त्या दिवसातलं पान जवा चुलीत पडे, तवा मूठभर पानानं खोली उजळे. चैतातलं कोवळं पान बी वासाचं असते, बोटानं चुरगळलं तं लय गोड. पन चुलीत ते एकदा फुर्र करते अन् इझून जाते, नव्या सुनेच्या रागावानी. मार्गशीर्ष-पुसातलं पान मातर जळत राह्यते.

हे म्या कोनाले सांगतलं नाई. चूल कशी पेटते हे काय गावाले सांगाचं असते?

मंग दोन सालाखाली गावात भट्टी आली.

बायाईचा गट हाये आमचा, अकरा जनी. माही सून संगीता त्याची अध्यक्ष. विहाराच्या मागं टिनाचं शेड, त्यात ती भट्टी मांडली. मोठी टाकी, बुडाशी पानी, पान्याच्या वर जाळी, जाळीवर पान ठासून भराचं. खाली जाळ केला का वाफ पानातून वर चढते, नळीतून जाते, नळी थंड पान्याच्या हौदातून फिरवेल हाये, तिथं वाफेचं पानी होते, अन् काचेच्या भांड्यात थेंब थेंब पडते. पान्यावर जे तरंगते ते तेल. साबनाले, अत्तराले लागते म्हने.

गावातल्या मानसाईले तं खेळच भेटला. येता-जाता शेडजवळ थांबाचे. "काय वहिनी, पह्यल्या धारेची निंगाली का?" "पोलीस येऊन राह्यले, झाका झाका." संगीता तोंडाची तिखट. म्हने, "निंगाली, पन तुमाले चढनार नाई भाऊजी, तुमाले रोजची सवय हाये."

एका प्रकल्पानं ती भट्टी गटाले आजमाइशीवर देल्ली होती. त्या प्रकल्पाच्या मॅडम होत्या एक, तरनीताठी बाई, पायात बूट, बोलायले गोड. त्याईनं पह्यल्याच दिवशी साफ सांगतलं, "तेल नीट उतरलं तर भट्टी तुमच्या गावाला राहील. नाही उतरलं तर दुसरं गाव वाट बघतंय."

अन् आमच्या बायाईले ती भट्टी पाह्यजे होती. काऊन, ते सांगते. दिवाळी झाली का इकडच्या बाया मेटाडोरमधी उभ्यानं भरून दुसऱ्या तालुक्यात कापूस वेचाले जातात. लेकरू झोपलेलं सोडून जाचं, आल्यावर झोपलेलं पाहाचं. बोंडाच्या टोकानं बोटं चिरतात, त्या चिरात मीठ-मिरची जाते. म्या संगीताले डाव्या हातानं सैपाक करताना पाह्यलं हाये. भट्टी राह्यली तं तेच चार महिने काम गावात, शेडच्या सावलीत, लेकरू नजरेसमोर. इतकीच गोष्ट. आमच्यासाठी ती लहान नव्हती.

पन बायाईनं घाई केली. श्रावन लागला, पानसोट सपाट्यानं वाढले, विलासनं कापले, बांधावर ढीगच्या ढीग. बायाईले वाटलं, जितकं पान जास्त तितकं तेल जास्त. भारे आनले. वरून ते धुतलं बी, भाजी धुतात तसं, मॅडमचं काम हाये, सोच्छ पाह्यजे म्हनून. ओलं निथळतं पान टाकीत ठासलं.

मी शेडच्या कोपऱ्यात गोट्यावर बसली होती. पाहून राह्यली होती. मले माहीत होतं, ह्या पानातून काई निंगनार नाई. मी बोलली नाई.

तीस साल बगीच्यात एकच सवय लागली होती. सांगतलेलं कराचं अन् तोंड मिटून राह्याचं. ते तोंड इतकं मिटलं का आपल्याच घरच्या बायाईसमोर बी उघडलं नाई. ह्या गोष्टीचं मले आज बी वाईट वाटते. दुसऱ्यानं तोंड दाबलं तं त्याले दोष देता येते. आपलं आपुनच दाबलं तं कोनाले देसान?

तीन टाक्या झाल्या. काचेच्या भांड्यात पान्यावर तेल किती? डोळ्यात पानी येते ना, सांडत नाई, तितकं. अन् वास गवताचा. मॅडमनं भांडं उजेडाकडं धरलं, खाली ठेवलं. म्हने, "पान इतकं छान आहे, मग तेल का उतरत नाही कळत नाही. मला वर कळवावं लागेल." बायाईतली एक जनी बसून टोपले एकात एक रचत होती, रचून झाले तं पुन्हा काढून रचाले लागली.

घरी आल्यावर मी म्हटलं, "संगे, पान खराब नाई. दिवस खराब हायेत."

तिनं परातीतून हात काढला. "म्हंजे?"

म्या सारं सांगतलं. चूल, धूर, ठिनग्या, पुसातला जाळ. ती आयकत राह्यली, अन् मंग असी भडकली का बस. "आत्याबाई, तुमाले माहीत होतं तं बोलल्या काऊन नाई?"

"मले कोनी इचारलं?"

"तुमाले काय आवतन धाडा लागते? भट्टी चालली हातची, अन् तुमी गोट्यावर बसून पाहून राह्यल्या."

बोलली ते खरं होतं. थोड्या येळानं तिनंच ताट वाढलं. म्हने, "उद्या मॅडमसमोर हेच बोलाचं. मी नाई बोलनार, तुमी बोलाचं."

दुसऱ्या दिवशी मी बोलली. मॅडमले म्हटलं, तोडा होऊ द्या, झाडाचं पानी तुटू द्या, मंग एक टाकी माह्या सांगन्यानं लावा. सकाळचं दव सुकल्यावर पान तोडाचं, ऊन तापाच्या आत. धुवाचं नाई. एक दिवस सावलीत पसरून ठेवाचं. एकच टाकी. नाई निंगालं तं भट्टी घेऊन जा.

मॅडम म्हनल्या, "पण आजी, झाड तेच, पान तेच."

"मानूस बी तोच असते मॅडम. झोपेत अन् जागेपनी सारखा असते काय?"

त्या हासल्या. डायरीत काईतरी लिहिलं. पुसापर्यंत मुदत देल्ली.

आता दुसरा दरवाजा विलासभाऊचा होता. तोड्यानंतर लगेच छाटनी उरकाची अन् मजूर मोकळे कराचे, अशी त्याची रीत. तानाचे दिवस भरेपर्यंत थांबा म्हनाले मी त्याच्या वसरीवर गेली. खुर्चीत बसला होता, बापूच्याच. म्हने, "काय बाई, माहा बगीचा आता तुह्या नाकावर चालवू काय?"

"तुह्या बापाच्या बगीच्यात तीस साल हे नाक घासलं म्या," मी म्हटलं. "त्याले इतकं तं कळत असन."

त्याची बायको दारात उभी होती, तिले हासू आवरलं नाई. मंग तो बी हासला. म्हने, "दोन ओळी ठेवतो तुह्यासाठी. जास्त नाई." दोन ओळी लय होत्या.

त्यानंतरचे दिवस लांब गेले. मी रोज जाऊन त्या दोन ओळी पाहाची. पान हळूहळू जाड होऊन राह्यलं होतं, कडा आत वळून राह्यल्या होत्या. मले भेव वाटत होतं, नाई वाटलं म्हनीन तं खोटं होईन. चुलीतला जाळ येगळा अन् टाकीतली वाफ येगळी. माही चूल चुकली असन तं? शेवंता म्हने, "बुढे, नाई निंगालं तं ह्या गावात नाक कुठं ठेवशीन?"

"हाये तिथंच राहू देईन. दुसरी जागा नाई त्याले."

तो दिवस आला. पान सावलीत पसरलेलं होतं, जरासं मलूल, पन हातात घेतलं तं चिकट लागे. बायाईनं टाकी भरली. गलका नाई, मानसाईची थट्टा बी नाई. खाली जाळ केला. वाफ चढाले येळ लागते. कोनी कोनाकडं पाहत नव्हतं. संगीता हौदात थंड पानी ओतत होती.

पह्यले वास आला. थेंबाच्या अगोदर. शेडमधून निंगाला, विहाराले वळसा घातला, गल्लीत गेला. गल्लीतून लेकरं धावत आली. मंग थेंब पडाले लागले, अन् पान्यावर पिवळसर साय धरली. साय जाड झाली. आनखी जाड झाली. मॅडमनं भांडं उजेडाकडं धरलं, तं तेलाचा थर बोटभर, सकाळच्या उन्हासारखा. शेवंता नाकाले पदर लावून उभी होती, तिनंच तोंड उघडलं, "आता म्हना, पह्यल्या धारेची."

सारं शेड हासलं. संगीता हासता हासता रडली. मी रडली नाई. मले रडाची सवय राह्यली नाई. पन आंगातून काईतरी उतरलं, डोक्यावरची मोळी उतरवल्यावर मान कशी हलकी होते, तसं.

मॅडमनं इचारलं, "आजी, हे तुम्ही कुठं शिकलात?" म्या सांगतलं, चुलीवर. त्याईले वाटलं मी थट्टा करून राह्यली.

भट्टी राह्यली. त्या दिवसानंतर बी आमच्या गावातून मेटाडोर गेली, पन त्यात आमच्या अकरा बाया नव्हत्या.

एका कार्यक्रमात मॅडम मायकावर बोलल्या, का झाडाला ताण दिला की पानात सुगंध येतो, तसंच आजींच्या आयुष्याचं झालं. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. म्या बी वाजवल्या, त्याईचं मन मोठं होतं म्हनून. पन घरी येऊन इचार केला. ते बराबर नाई. झाडाले तान देनारा मानूस रोज सकाळी झाडापाशी जाते. पान किती वळलं पाह्यते, माती हातात घेऊन पाह्यते, अन् झाड मराच्या आत पानी सोडते. आमाले तानावर टाकनारा कोनी कवा पाहाले आला नाई. आमचं पानी कोनी सोडलं नाई. आमी आपल्याच मुळीनं खोल गेलो अन् काढलं. अन् जे तसे खोल जाऊ शकले नाई, ते गेले. त्याईच्यात काय वास कमी होता? लेकराच्या बापात काय कमी होता? म्हनून मी म्हनते, कष्टानं मानूस गोड होते, हे कोनी सांगू नये. कष्टानं मानूस थकते. त्यातून जे राह्यते ते त्याचं सोताचं असते, कष्टानं देल्लेलं नसते.

माह्यापाशी नाक राह्यलं.

यंदा पुन्हा हे दिवस आले. विलासनं तोडा झाल्यावर छाटनीचा इषय सोता काढला नाई. पानी तोडलं अन् निरोप धाडला, काकूले म्हना येऊन पाहून जा. बाईची काकू कवा झाली मले ध्यानात नाई. काल मी गेली. तिथं पाहते तं मेळा. विलास, त्याचे चार गडी कैच्या घेऊन, आमच्या अकरा जनी दोऱ्या-टोपले घेऊन, अन् मॅडमनं आनलेल्या दुसऱ्या गावच्या बाया, त्याईच्याकडं बी औंदा भट्टी बसली म्हने, त्याईले आमच्याजवळून शिकाचं होतं. सारे बांधावर उभे. दव सुकलं होतं. ऊन कवळं होतं. कोनी कैचीले हात लावत नव्हतं.

मी पह्यल्या झाडाचं पान तोडलं, चोळलं, नाकाले लावलं. खरं सांगते, मले ते बगीच्याच्या वाटेवरच कळलं होतं. वारा इकडून तिकडं होता, अन् पान तयार हाये हे वाऱ्यानंच सांगतलं होतं. पन मी काई बोलली नाई. दुसऱ्या झाडाकडं गेली. मंग तिसऱ्या. उगीच पान उलटं केलं, सुलटं केलं, उन्हात धरलं.

"काकू, काय म्हनते मंग?" विलास बांधावरून म्हने.

"थांब जरा."

तो थांबला. सारे थांबले. उभ्या जन्मात मीच मानसाईची वाट पाह्यली, मुकादमाची, मालकिनीच्या लोट्याची, फाटक उघडाची. माह्या एका शब्दासाठी इतकी मानसं कवाच उभी नव्हती. ऊन पाठीवर साजरं लागत होतं. म्या आनखी एक झाड पाह्यलं.

मंग म्हटलं, "हाव. लावा कैची."